उत्तरेकडे उशी

आप्पा मोघे यांच्या शोकसभेत जे जे बोलले, ते सगळे चुकीचे बोलले. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो. मला कोणी बोलायला बोलावले नाही, कारण मी उभा राहिलो की सभा लांबते, असा आमच्या पनवेलच्या ज्येष्ठ मंडळींचा अनुभव आहे. अनुभव खरा आहे. कारण मात्र ते समजतात ते नव्हे. आधीच्या वक्त्यांच्या चुका दुरुस्त करण्यात वेळ जातो, त्याला मी काय करणार? त्या दिवशी त्या दुरुस्त करता आल्या नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

आप्पा वास्तुशास्त्राप्रमाणे लोकांची घरे बघून देत. देवघर ईशान्येला आहे का, चूल आग्नेयेला आहे का, घराचा मध्य मोकळा आहे का, निजताना डोके कोणत्या दिशेला येते, हे बघणे आणि काय हलवावे ते सांगणे, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. शास्त्राप्रमाणे उत्तरेकडे डोके करून निजू नये, एवढे बहुतेक घरांत माहीत असते. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून माणसाला एकदाच निजवतात, आणि तेव्हा त्याला विचारावे लागत नाही. अशा या आप्पांनी स्वतःच्या आजारी बायकोचा पलंग फिरवून तिचे डोके उत्तरेला केले. ही गोष्ट गावभर झाली आणि तिचे अर्थ लावण्याखेरीज गावाला दुसरा उद्योग उरला नाही.

सभेत पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, की आप्पांना अखेर विवेकाचा मार्ग सापडला. शास्त्र थोतांड आहे हे त्यांनी कृतीने मान्य केले. त्यानंतर आप्पांचा शिष्य बोलला. हा हल्ली भ्रमणध्वनीवर दिशा बघतो आणि लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत तांब्याचे पिरॅमिड ठेवून येतो. तो डोळे पुसत म्हणाला, "दुःखामुळे सरांची बुद्धी त्या काळात स्थिर नव्हती. त्या चुकीची फळं त्यांनी भोगली." जिन्यात चपला शोधणाऱ्या बायकांचे मत आणखी वेगळे होते. "कंटाळले असतील हो करून करून," त्यातली एक म्हणाली. "सुटायचं होतं त्यांना."

तिन्ही मते खोटी आहेत. मी हे अधिकाराने सांगतो. मी आप्पांचा शेजारी, आमच्या दारांमध्ये फक्त जिन्याचा चौक. आणि त्या दिवशी त्या पलंगाचे दुसरे टोक माझ्या हातात होते.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला आप्पांचा भक्त म्हणायला नको. मी सरकारी बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मी वारा मानतो, ऊन मानतो, पाण्याचा उतार मानतो. दिशांचे देव मानत नाही. आप्पांशी मी या विषयावर जन्मभर भांडलो. ते मला 'ओव्हरसियर' म्हणत. मी उपअभियंता होतो, हे मी दर वेळी सांगत असे. "हो, ओव्हरसियर," असे ते दर वेळी म्हणत.

आप्पांची घर बघण्याची रीत कोणत्याही ग्रंथात नाही, आणि त्यांच्या शिष्याने ती उचललेली नाही. कोणाच्या घरी गेले की ते प्रथम होकायंत्र काढत नसत. ते बसत. चहा घेत. मग घरातल्या बाईकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारीत, "आणि रडायचं झालं तर कुठे बसता तुम्ही?"

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा या प्रश्नाने मी अवघडलो. घर नवे, माणसे सुस्थितीतली, नवरा बँकेत अधिकारी. तो हसून म्हणाला, "आमच्याकडे तसला प्रकार नाही आप्पा." बाईंची नजर मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या, कपडे वाळत घालायच्या अरुंद जागेकडे गेली. आप्पा उठले आणि थेट तिथे गेले. तिथे रद्दी होती, एक मोडकी सायकल होती, रंगाचे डबे होते. ते नवऱ्याला म्हणाले, "ही जागा रिकामी करा. एक पाट ठेवा. बाकीचं घर मी नंतर बघतो."

परतताना मी विचारले, "हे कोणत्या शास्त्रात आहे?"

"नाहीये."

"मग?"

"ओव्हरसियर, तुम्ही सांडपाण्याचा पाइप काढल्याशिवाय घर पुरं करता का?"

 उत्तर मला नंतर सुचले, पण तोवर ते जिना चढून गेले होते.

दुसरी त्यांची सवय उंबऱ्याची. वास्तू सतत 'तथास्तु' म्हणत असते, म्हणून घरात अभद्र बोलू नये, हे आपल्याकडे आया मुलांना सांगतात आणि विसरतात. आप्पा विसरले नाहीत. त्यांच्या घरात कोणी 'मेलो', 'वाटोळं झालं', 'नशीबच फुटकं' असे काही बोलायला लागला, की ते एकच शब्द उच्चारीत: "उंबरा!" मग पाहुणा कोणीही असो, त्याला उठून दाराबाहेर जिन्याच्या चौकात यावे लागे. तिथे आप्पा त्याचे सगळे अभद्र शांतपणे ऐकून घेत आणि त्याला परत आत नेत. चौक म्हणजे माझे दार. त्यामुळे त्या इमारतीतली सर्व अमंगल भाषणे माझ्या दारात झाली, आणि 'तथास्तु' म्हणायला तिथे फक्त मी होतो.

उलव्याला दोन भावांनी मिळून घर घेतले आणि पहिल्याच महिन्यात त्यांचे बिनसले. आप्पांना बोलावले. भाऊ बैठकीतच एकमेकांचे उट्टे काढू लागले. आप्पांनी दोघांना दंडाला धरून लिफ्टसमोर आणून उभे केले. "हं, आता बोला. इथली वास्तू बिल्डरची आहे, तिचं काय व्हायचं ते होऊ दे." मधल्या जागेत भांडायचे म्हटल्यावर मजल्यावरची दारे किलकिली झाली. समोरच्या दारातली एक आजी तर खुर्ची घेऊनच बसली. धाकटा म्हणाला, "दादा, आत चल ना. सगळे बघतायत." थोरला म्हणाला, "आप्पांना विचार." आप्पा म्हणाले, "संपलं का? नसेल संपलं तर आजींना आणखी बसायला सवड आहे." आजी म्हणाल्या, "बसते की. सिरीयल सुरू व्हायला वेळ आहे अजून." तेव्हा दोघेही हसले. शिष्य ही गोष्ट सांगतो आणि भांडण ईशान्येकडचा कचरा काढल्यामुळे मिटले म्हणतो. ईशान्येला कचरा नव्हता. मी पाहिले आहे.

शास्त्राशी आप्पांचे नाते कसे होते, ते गव्हाणच्या एका कोळणीच्या घरावरून समजेल. तिचे नवे घर बांधायला काढले होते. मुख्य दार तिला खाडीकडे हवे होते आणि खाडीची वाट नैर्ऋत्येला. नैर्ऋत्येचे दार म्हणजे शास्त्रात सर्वांत वाईट. आप्पांनी रस्त्याकडचे, पूर्वेचे दार सुचवले.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आप्पा, तुमी सांगता ता बरोबर असंल. पन माजा दादला ना पोरगा होडीवरशी येतात त्या या वाटंनी. मी का रस्त्याकडं तोंड करून बसू? रस्त्यानी माजा कोन येनार हाय?"

"शास्त्रात बसत नाही, बाई."

"मंग बसवा. त्याच्यासाठीच तं तुमाला बोलावलाय."

आप्पांनी खाडीच्या वाटेकडे बघितले. मग म्हणाले, "नैर्ऋत्य कोपरा जड असावा, एवढं शास्त्र सांगतं. दार तिथेच ठेव. दाराशेजारी पाटा-वरवंटा मांड आणि त्याच्यावर कोणी तरी बसत जा. तू बसलीस तरी चालेल."

"मी कशाला?"

"कोपरा जड हवा."

तिने आत हाक मारली, "ऐकलास गो! म्हातारा मना जाडी बोलतो!" सगळे घर हसले. प्राध्यापक याचा दाखला देऊन म्हणतात, आप्पा शास्त्राची थट्टा करीत. बिलकूल नाही. परतीच्या वाटेवर ते घामाघूम झाले होते. पावसाळ्यात वादळाची बातमी आली की गव्हाणला फोन करून ते विचारीत, "पाटा दाराशी आहे ना? हलवला नाही ना?" नियम मोडावा लागला की ते सुटल्यासारखे हसत नसत, त्याची भरपाई शोधत आणि ती पुरली की नाही याची धास्ती बाळगीत. थट्टा करणारा माणूस धास्ती बाळगत नाही.

इंदूवहिनी म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नव्हते. कर्नाळ्याच्या पायथ्याचे गाव हे त्यांचे माहेर. त्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका पनवेलच्या दक्षिणेला दिसतो. म्हणजे पूर्वी गावातून कुठूनही दिसत असे, हल्ली इमारतींच्या फटीतून दिसतो. आप्पांच्या निजायच्या खोलीला दक्षिणेची खिडकी होती आणि तिच्यासमोर अशी एक फट शिल्लक होती. वहिनी रोज सकाळी खिडकीशी उभ्या राहून केस विंचरीत. आप्पा विचारीत, "काय म्हणतंय माहेर?" त्या म्हणत, "उभं आहे अजून." एवढेच. पण हे संभाषण चुकलेले मी ऐकले नाही. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती, आणि ती मी बांधलेली नव्हती.

मग वहिनी आजारी पडल्या. आजाराचे नाव त्या घरात कोणी उच्चारले नाही. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले, तेही आप्पांनी रुग्णालयाच्या दाराबाहेर ऐकून घेतले. वहिनींना उठून बसता येईना. पलंग दक्षिणेच्या भिंतीला, खिडकीखाली, उशी दक्षिणेला, अगदी शास्त्रशुद्ध. डोंगर त्यांच्या डोक्यामागे होता आणि मान वळत नव्हती.

माझी पत्नी रोज त्यांच्याजवळ बसे. एकदा मी डबा द्यायला गेलो, तेव्हा वहिनी तिला म्हणत होत्या, "मी गेल्यावर ह्यांना—"

"उंबरा!" आप्पा स्वयंपाकघरातून म्हणाले.

वहिनी थांबल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "अहो, मला आता उंबऱ्यापर्यंत नेता येतं का? मग मी बोलायचं कुठे?"

आप्पा हातात पळी घेऊन दारात येऊन उभे राहिले. घरोघरच्या बायकांना रडायची जागा विचारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरात ती ठेवलीच नव्हती.

"बरं, नाही बोलत," वहिनीच म्हणाल्या. "मला डोंगर तरी दाखवा."

आप्पांनी भरपाई शोधली. त्यांनी समोरच्या, उत्तरेच्या भिंतीवर मोठा आरसा टांगला. उत्तरेला आरसा शास्त्राला चालतो. उशीवर डोके तसेच ठेवून वहिनींना आरशात खिडकी दिसू लागली आणि खिडकीत सुळका. आरसा नेमका कोनात बसावा म्हणून आप्पा स्टुलावर चढले होते. मी स्टूल धरले होते. "दिसतो का? आता? आता?" असे ते लहान मुलासारखे विचारत राहिले.

"दिसतो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पुष्कळ वेळ बघितले. मग म्हणाल्या, "पण उलटा दिसतो हो. उतार भलत्याच अंगाला आलाय. हे कुणा दुसरीचं माहेर आहे."

आप्पा स्टुलावरून उतरले. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही बाहेर चौकात आलो. कठड्याला हात लावून ते उभे राहिले.

"ओव्हरसियर, पलंग फिरवायचाय."

"फिरवू की. त्यात काय आहे?"

"तुमच्या दृष्टीनं काही नाही. माझ्या दृष्टीनं आहे."

"मग नका फिरवू."

"ती मागतेय. मी फिरवला तर तिला कळेल, मला काय कळलंय ते."

"आप्पा, वहिनींना सगळं कळलेलं आहे."

"हो. पण मला कळलंय, हे तिला अजून कळलेलं नाही." मग अगदी हळू म्हणाले, "आणि वास्तू तथास्तु म्हणेल. तुम्ही हसाल. पण ती म्हणेल."

मी हसलो नाही. मी वाद घालणारा माणूस आहे. जन्मात एवढा मोठा मुद्दा समोर आला, आणि मी फक्त बाह्या वर दुमडल्या.

आम्ही आत गेलो. वहिनींना उचलणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्यासकट पलंग फिरवायचे ठरले. लोखंडी पलंग, फरशीवर घासत करकरत होता. मी पायथ्याकडे होतो. आप्पा उशाकडे, एक हात पलंगाला आणि एक हात वहिनींच्या डोक्याखाली. खोली लहान, त्यामुळे पलंग आधी तिरका घ्यावा लागला, मग पूर्ण वळवावा लागला. अर्ध्यावर वहिनींच्या लक्षात आले.

"अहो, पाय दक्षिणेला होतायत."

"होऊ देत," आप्पा म्हणाले.

त्या घरात त्यांच्या तोंडून असे वाक्य निघालेले मी पहिल्यांदा ऐकले. पलंग भिंतीला लागला. उशी उत्तरेकडे झाली. समोर खिडकी, खिडकीत तो सुळका, उतार ज्या अंगाला हवा त्याच अंगाला. पण वहिनी डोंगराकडे बघत नव्हत्या. त्या आप्पांकडे बघत होत्या. मग त्यांनी बिछान्यावर हाताने थोपटले. "बसा इथे. मला बोलायचंय. मी गेल्यावर—"

मी वाट पाहिली. 'उंबरा' हा शब्द आला नाही. आप्पा बसले. मी बाहेर येऊन दार ओढून घेतले. माझ्या घरात पातळ भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज बराच वेळ येत होता. मधूनच त्या हसल्याही. शब्द मी ऐकले नाहीत. पत्नीला आणि मला त्या दिवशी गॅलरीत बसावेसे वाटले, आणि आम्ही बसलो.

त्यानंतरही वहिनी काही आठवडे होत्या. थंडीचे दिवस, हवा स्वच्छ; सकाळी पुन्हा "काय म्हणतंय माहेर?" ऐकू येऊ लागले. एका सकाळी प्रश्न आला आणि उत्तर आले नाही.

आता मला त्या प्राध्यापकांना विचारायचे आहे: आप्पांनी शास्त्र सोडले होते, तर 'पलंग फिरवायचाय' एवढे सांगायला ते उंबऱ्याबाहेर का आले? शास्त्र सोडलेल्या माणसाला पलंग फिरवणे म्हणजे फर्निचर हलवणे. मला ते तसेच होते, म्हणून मी 'त्यात काय आहे?' म्हणालो. शिष्याला विचारायचे आहे: बुद्धी ठिकाणावर नसलेला माणूस आधी आरसा टांगून बघतो का? आणि जिन्यातल्या त्या बाईंना मी काही विचारणार नाही. त्यांच्या घरी कोणी त्यांच्या रडण्याची जागा विचारली असती तर त्या असे बोलल्या नसत्या. आप्पांचा विश्वास शेवटपर्यंत पुरा होता. पलंग फिरवला की ती लवकर जाईल, असे ते खरोखर मानत होते. तसे मानून, ती मागते म्हणून, त्यांनी तो फिरवला. प्राध्यापक त्यांना शहाणे ठरवतात, शिष्य त्यांना पापी ठरवतो. दोघेही त्या माणसाने जे केले ते त्याच्याकडून काढून घेतात.

वहिनींच्या पश्चात आप्पा थोडेच जगले. घरे बघणे त्यांनी सोडले नव्हते, हेही सभेत कोणी सांगितले नाही. शेवटचे घर त्यांनी बघितले ते माझ्या भाचीचे. उलव्यात, उंचावरच्या मजल्यावर. खिडकीबाहेर जिकडेतिकडे क्रेन आणि सिमेंटची धूळ. सामान अजून आले नव्हते. आप्पांना आता एकट्याने जाववत नव्हते, म्हणून मी रिक्षाने त्यांना घेऊन गेलो. त्यांनी देवघर सांगितले, ओटा बघितला. निजायच्या खोलीत आल्यावर म्हणाले, "उशी दक्षिणेला."

"हो आप्पा, तसंच केलंय," भाचीचा नवरा म्हणाला. "सुतार भिंतीतच फिक्स करून देतोय पलंग. खाली सगळं स्टोरेज."

"फिक्स नको."

"का हो?"

"उशी दक्षिणेलाच. पण पलंग सुटा हवा. खाली चाकं लावा."

"अहो आप्पा, मग स्टोरेज जाईल सगळं!"

"जाऊ दे."

"पण पलंग कशाला हलवायचाय? एकदा ठेवला की ठेवला," भाची म्हणाली. तिचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते.

"लागतं कधी तरी," आप्पा म्हणाले. "आणि दर वेळी शेजारी घरात असतोच असं नाही. एकट्याला वळवता आला पाहिजे."

त्या दोघांना ते समजले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. तेव्हा आप्पांनी काठी माझ्या हातात दिली. खोलीच्या मधोमध जाऊन ते वाकले आणि त्या रिकाम्या खोलीत, अजून न आलेल्या पलंगाच्या कडेला दोन्ही तळहात लावून, पावलापावलाने तो वळवून दाखवू लागले. आधी तिरका, मग पूर्ण. भाचीचा नवरा मदतीला पुढे झाला आणि भराभर ढकलल्यासारखे करू लागला.

"सावकाश," आप्पा मान वर न करता म्हणाले. "वर माणूस असतं."